एमजी टीडी १९५१ : आरपीएमचा काटा फिरवणारा डायनमो हवा आहे

वखारीतली_गाडी (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

आमच्या जिनिंगच्या मागे सरकीची वखार होती. तिथे १९७८ पासून ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. एमजी टीडी ही इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडी, १९५१ च्या उत्तरार्धातली, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, ती १९६२ मध्ये मुंबईहून चालवत आणली होती. आजोबा गेले, पुढे जिनिंगही बंद पडली. दोन वर्षांपूर्वी मामा म्हणाले, "तू नेतोस का? नाहीतर पत्र्याच्या भावात जाईल." मी त्याच आठवड्यात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून गेलो.

बॉडी चेसिसवरून उतरवून झाली आहे. इंजिन एक्सपीएजी नावाचं, १२५० सीसी. इंजिनावरचा नंबर, प्लेटवरचा नंबर आणि बुकातला नंबर तिन्ही जुळतात. म्हणूनच अस्सल पार्टांचा हट्ट धरला आहे. तीन नंबर जुळणारी गाडी हातात असताना तिच्यात काहीही कोंबणं मला जमणार नाही.

अडचण आरपीएम मीटरची, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याची आहे. टीडीत वेगाचा काटा आणि आरपीएमचा काटा दोन्ही चालकासमोर असतात, दोन्ही जेगर कंपनीचे. आरपीएमची केबल इंजिनाला जोडलेली नसते, ती डायनमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागच्या टोकाला लागते. त्या टोकाला एक छोटी गिअरपेटी असते. डायनमो जोरात फिरतो, पेटी ते फिरणं कमी करून केबलला देते. माझ्या गाडीला कोणीतरी कधीतरी अ‍ॅम्बॅसेडरचा डायनमो पट्टी ठोकून बसवला आहे. त्याला मागे पेटी नाही. केबल नुसती लोंबकळते आहे.

मुंबईला ऑपेरा हाउसची स्पेअरची दुकानं पालथी घातली. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दिवस फिरलो, चोर बाजारही झाला. दिल्लीला काश्मिरी गेटला फोन केले. सगळीकडे एकच उत्तर: "डायनमो देतो, मागचं नाही." शेवटी परदेशातून एक मागवला. "अस्सल, जुना" असं लिहिलं होतं. हातात आला तर नवा घडवून वर काळा रंग मारलेला. लुकास या इंग्लिश कंपनीच्या जुन्या डायनमोच्या बॉडीवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ते त्याच्यावर नव्हतंच. पैसे परत मिळाले, पाठवणीचा खर्च गेला.

दुसरी अडचण बोल्टांची. इंजिनाचे बरेच बोल्ट गायब आहेत. बाजारातला एकही नीट बसत नाही. अडीच सुती (५/१६ इंची) बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो आणि अडकतो. आठ एमएमचा साधा बोल्ट तर तोंडालाच धरत नाही.

खान्देशात कुणाकडे काही असेल, कुणाला माहीत असेल, तर सांगा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही येईन.

तापीकाठ (शिरपूर)

फोटो टाका दादा. पुढचा, मागचा, आणि वखारीतल्या पहिल्या दिवसाचा असेल तर तोही.

लोको_फिटर (भुसावळ)

बेटा, सर्वांत आधी तो अडीच सुती बोल्ट बाहेर काढ. आणखी एक फेरा दिलास तर ब्लॉकचे आटे जातील.

मी रेल्वेत फिटर होतो, वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत त्यांच्यावरच हात चालला. आमच्या एका साहेबांकडे हिंदुस्तान टेन ही मोटार होती, तिचं काम सुट्टीच्या दिवशी मी करायचो. तिथे पहिल्यांदा हेच आटे भेटले आणि मीही असाच फसलो होतो.

गोष्ट अशी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सची हॉचकिस कंपनी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली, मशिनगन बनवायला. युद्ध संपल्यावर ती मॉरिससाठी मोटारींची इंजिनं करू लागली. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच, त्यामुळे आटे मिलिमीटरचे पडायचे. पण इंग्लंडातल्या प्रत्येक गॅरेजात पाने व्हिटवर्थ या इंग्लिश इंची मापाचे. म्हणून बोल्टाचं डोकं व्हिटवर्थ मापाचं ठेवलं आणि दांडा मिलिमीटरचा. तुझं एक्सपीएजी त्याच घराण्यातलं. त्याचं बोअर (सिलिंडरचा व्यास) ६६.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, हे मिलिमीटरचे आकडेच बघ.

तुझे बोल्ट आठ एमएमचे आहेत, पण आटे १ मिमीच्या अंतराने. बाजारातल्या आठ एमएमला सव्वा मिमीचं अंतर असतं, म्हणून तो तोंडालाही धरत नाही. अडीच सुती बारीक आट्याच्या बोल्टाला इंचाला २४ आटे, तुझ्याला इंचाला साधारण साडेपंचवीस. इतके जवळ आहेत की दोन फेरे गोडीने जातात आणि मग ब्लॉक खातात. चेसिसचं मात्र वेगळं आहे. तिथे इंग्लिश बारीक आटे, बीएसएफ. एका गाडीत दोन देशांचे आटे आहेत, डबे वेगळे ठेव.

८ बाय १ चा टॅप-डाय (आटे पाडायचं हत्यार) चांगल्या हत्यारांच्या दुकानात आजही मिळतो. हाय-टेन्साइल रॉडमधून बोल्ट मी काढून देतो, डोकं व्हिटवर्थ मापाचं ठेवून. घरी लेथ आहे. पैशांचं बोलू नकोस, पण रॉड चांगला आण.

पुणेस्थित_धुळेकर

मी थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

टीडी जवळजवळ ३०,००० बनल्या आणि त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यामुळे तिचे नवे बनवलेले पार्ट आज इंग्लंड-अमेरिकेत रबरी बुशपासून मडगार्डपर्यंत मिळतात. डायनमोची गिअरपेटीसुद्धा. दोन वर्षं ती शोधण्यात घालवण्यापेक्षा नवी बसवा आणि गाडी रस्त्यावर आणा. ज्या गाड्यांचे पार्ट कुणीच बनवत नाही, त्यांच्यासाठी ही धडपड राखून ठेवावी असं मला वाटतं.

मागवताना इंजिन नंबर नीट वाचा. सुरुवातीच्या टीडीला सव्वासात इंची क्लच, पुढच्या इंजिनांना आठ इंची. त्यांच्या नंबरात टीडी२ येतं. इथे चूक झाली की प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील जुळत नाहीत आणि पार्सल परत पाठवणं सोपं नसतं.

वखारीतली_गाडी

धुळेकर दादा, राग कसला! ब्रेकच्या बाबतीत तुमचंच ऐकणार आहे. व्हील सिलिंडर, होस, सील, टायर सगळं नवं. तिथे अस्सलपणाचा हट्ट करणं म्हणजे जिवाशी खेळ.

पण डायनमोचं तसं नाही. माझं इंजिन टीडी२ नाही, क्लच सव्वासातचाच आहे आणि तो अजून मूळचाच निघाला. बोनेट उघडल्यावर हात जिथे जातो तिथे तेवढं जुनं असावं असं वाटतं. आजोबा त्या काट्याकडे बघत गिअर बदलायचे, असं आई सांगते.

लोको काका, रविवारी येतो. रॉड घेऊन.

चाळीसगावची_लेक

माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. वायरिंग मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचा एक नियम होता: जुन्या गाडीला हात लावण्याआधी बॅटरीची कोणती तार चेसिसला आहे ते बघायचं.

टीडी मूळची पॉझिटिव्ह अर्थ. म्हणजे बॅटरीचं प्लस चेसिसला. अ‍ॅम्बॅसेडरचा डायनमो लावणाऱ्याने ती बहुधा उलटवली असणार. ओळखायचं सोपं आहे. दिवे लावल्यावर अ‍ॅमीटरचा काटा चार्जच्या बाजूला गेला तर गडबड आहे.

परत पॉझिटिव्ह अर्थ करताना डायनमोला नवी दिशा द्यावी लागते. डायनमोच्या डी आणि एफ या दोन्ही तारा काढा. बॅटरीच्या जिवंत (चेसिसला न जोडलेल्या) टोकापासून एक वायर घ्या आणि एफला दोन-तीनदा नुसती टेकवा. छोटी ठिणगी पडेल, तेवढंच. मग तारा जोडा. इग्निशन कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा. एसयू कंपनीचा जुना पॉइंटवाला पेट्रोल पंप मात्र दोन्ही बाजूंनी चालतो, त्याला छेडू नका.

आणि कार्बुरेटरबद्दल: एसयूच्या त्या एच-टू जोडीत जेटच्या खाली बुचाचे छोटे सील असतात. इतकी वर्षं कोरडे पडले असतील तर गळणारच. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये जुने होस तर टिकणारच नाहीत. सील आणि होस आधी बदला, मग स्टार्टर मारा. खान्देशातल्या एप्रिलमध्ये गळकं पेट्रोल आणि गरम मॅनिफोल्ड एका जागी असणं मला बघवत नाही.

सातपुड्याचा_सुतार (शहादा)

बॉडी उतरवली म्हणता, तर लाकडाचं काय? या गाडीला आतून लाकडाचा सांगाडा असतो ना?

वखारीतली_गाडी

हो, अ‍ॅश नावाच्या विलायती लाकडाचा. पत्रा त्याच्यावर खिळ्यांनी ठोकलेला. दारांच्या चौकटी बऱ्या आहेत, पण मागचा खालचा भाग वाळवीने पोकळ केला आहे. तिथे सागवान घालावं का, हेच विचारायचं होतं.

सातपुड्याचा_सुतार

आमच्या घरात चार पिढ्या बैलगाड्या झाल्या, म्हणून सांगतो.

सागवान जड पडेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. ती खरी नाही, दोघांचं वजन जवळपास सारखंच. फरक स्वभावात आहे. अ‍ॅश धक्का सोसतं, वाकतं आणि परत येतं, म्हणून गोरे त्याचे हत्यारांचे दांडे करतात. आपल्याकडे त्या कामाला धावडा आणि बाभूळ. सागवान वाळवीला दाद देत नाही, ओलीत टिकतं. पण ते तेलकट असतं, सरसाने नीट धरत नाही, आणि अचानक धक्का बसला तर चिरतं.

मी असतो तर असं केलं असतं: चेसिसजवळचे तुकडे, जिथे ओल आणि वाळवी येते, ते जुन्या सागवानाचे. वाड्याचं उतरवलेलं लाकूड घ्या, ते पुन्हा वाकडं होत नाही. सांधे नुसत्या सरसावर सोडू नका, स्क्रू घ्या, आणि सरस लावण्याआधी तोंड घासून पुसून कोरडं करा. दाराच्या चौकटी जुन्या अ‍ॅशच्याच ठेवा, कारण धक्के दारालाच बसतात. काढलेला तुकडा, कितीही कुजका असो, माप घेऊन होईपर्यंत फेकू नका. त्यातली खिळ्यांची भोकं म्हणजेच नकाशा.

एमएच_एकोणीस (जळगाव)

कागदांचं बघितलं का? २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमचं जुनं बुक जिवंत असेल तर घाई करू नका, आधी आरटीओत विचारा. आणि सांगाड्याच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा. गाडी मूळ रूपातली आहे हे दाखवायला तेच कामाला येतील.

पारोळ्याचा_भाचा

भाऊ, मन्हा मामाना मळामा विहीरवर जुनं इंजन पडेल शे. बठ्ठं गंजी गयं, पन बोल्ट दिखतस. आजोबा सांगेत, हिंदुस्तान टेन गाडीनं शे म्हनीसन. पूर्वी त्याच्यावर पाण्याचा पंप चालायचा. बघायला या.

लोको_फिटर

बेटा, लगेच जा! हिंदुस्तान टेन म्हणजे मॉरिस टेनच, फक्त नाव इथलं. तिचं ११४० सीसीचं इंजिन वाढवूनच तुझं १२५० चं झालं. आटे तेच. डायनमोची पेटी तिथे मिळणार नाही, ती फक्त स्पोर्ट्‌स गाडीला. पण बोल्ट, स्टड, नट जे काही हलेल ते घेऊन ये. हातोडा मारू नको. डिझेल टाकून दोन दिवस भिजू दे, मग गरम कर, मग पाना लाव.

आणि एक विचारतो. तो अ‍ॅम्बॅसेडरचा डायनमो कोणी बसवला? पार्ट कुठे मिळेल हे नंतर, आधी तो कुठून निघाला ते शोध. त्या काळी कुणी तांब्याची वस्तू फेकत नव्हतं.

वखारीतली_गाडी

(तीन आठवड्यांनी)

पारोळ्याहून बोल्ट आणि स्टड मिळून एकोणीस नग निघाले. अकरा चांगले आहेत. काकांच्या अंगणात बसून ते एकेक करून माझ्या ब्लॉकमध्ये हाताने फिरवले. पाना न लावता शेवटपर्यंत गेले. तो आवाज नसलेला, लोण्यासारखा फेरा मी विसरणार नाही. उरलेले काकांनी लेथवर काढून दिले. बोल्ट दाखवणाऱ्या भाच्याला आणि त्याच्या मामांना मनापासून धन्यवाद. त्यांनी चहा, शेवभाजी आणि डबाभर केळ्याचे वेफर्स दिले, पैसे घेतले नाहीत.

आता डायनमो. काकांचं वाक्य डोक्यात घेऊन आजोबांचे रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, काढले. जिनिंगचे सगळे रोजमेळ मामांनी पेटीत जपून ठेवले होते. १९६२ पासून एकेक पान चाळलं. १९७४ च्या फेब्रुवारीत सापडलं: "मोटार डायनमो बदली, धुळे, मजुरीसह १४० रुपये." पुढे मिस्त्रींचं नाव आणि गल्ली.

धुळ्याला गेलो. मिस्त्री आता नाहीत. मुलगा त्याच जागी विहिरींच्या मोटारी आणि सबमर्सिबल वाइंड करतो. मी रोजमेळाचं पान दाखवलं. ते बराच वेळ वडिलांचं नाव बघत राहिले. मग म्हणाले, "माळ्यावर वडिलांची एक पेटी आहे. मी कधी उघडली नाही."

पेटीत आठ-दहा डायनमो आणि सेल्फचे सांगाडे होते. सहाव्या बॉडीवर ठोकलेलं होतं: ६ ५१. म्हणजे जून १९५१. आणि मागच्या टोकाला ती गिअरपेटी, केबलच्या नटासकट.

तांबं मात्र नव्हतं. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जाळून तांबं कधीच विकलं गेलं होतं. कॉइल नाही, फक्त दांडा आणि पत्र्यांचा गाभा. मी तिथेच पायरीवर बसलो. त्यांनी दांडा हातात घेतला, फिरवून बघितला, मागचं टोक बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "टोक शाबूत आहे. तांबं तर मी रोज भरतो."

चाळीसगावची_लेक

फील्ड कॉइलचंही (बॉडीतल्या स्थिर कॉइलचंही) बघायला सांगा, कापडी पट्टी गेली असेल. आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) नवा टाकला तर पट्ट्यांच्या मधला अभ्रक खाली खरवडायला विसरू नका, नाहीतर ब्रश नाचतात. वाचून डोळे भरून आले. माझ्या वडिलांच्याही अशाच दोन पेट्या आहेत, उद्या उघडते.

पुणेस्थित_धुळेकर

मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. धुळ्यात असताना मी त्या गल्लीतून रोज शाळेत जायचो.

वखारीतली_गाडी

(आणखी दीड महिन्याने)

आर्मेचर भरून आलं. फील्ड कॉइलही नव्याने बांधली. बॅटरीचं प्लस चेसिसला, एफला दोनदा वायर टेकवली, ताईंनी सांगितलं तसंच. काल संध्याकाळी बॉडीशिवाय, नुसत्या चेसिसवर, इंजिन चालू केलं. लोको काका भुसावळहून आले होते, धुळ्याचे वाइंडिंगवाले दादाही.

हे जेगरचे मीटर घड्याळासारखे चालतात. ठरावीक वेळ फेरे मोजतात, मग काटा एकदम पुढे टाकतात. त्यामुळे काटा सरकत नाही, पावलं टाकतो. काल तो ८०० वर आला, थांबला, मग ९००, मग १,०००. आई खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "असाच उड्या मारायचा."

काकांच्या सांगण्यावरून पेटीत घट्ट ग्रीस न भरता पातळ तेलाचे थेंब टाकले. किंचित आवाज आहे, एक गिअर थोडा झिजला आहे. चालेल. बदलणार नाही.

आता पुढचं काम कटआउटचं, म्हणजे डायनमोचं चार्जिंग जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्याचं. डब्याचं लुकासचं झाकण पिचलं आहे. आणि दिवा-इग्निशनचा एकत्र स्विच हवा आहे, पीएलसी६ शिक्का असलेला. आतली पितळी पट्टी गेली तरी चालेल, चेहरा चांगला हवा.

नंदुरबारकर

स्विच सांगता येत नाही, पण आमच्या काकांच्या दुकानात जुन्या विलायती ट्रकच्या बोर्डाचे डबे पडेल शेतस. दोन-तीनवर लुकास लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. रविवारले ये. आधी तुमच्या स्विचच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, टर्मिनल मोजून बघतो.